परदेशी मिशनरी : हेतूची चौकशी, कामाची नाही

धर्मांतराविरुद्ध कायदा करावा की न करावा, यावर महाराष्ट्रात गेली काही वर्षे सतत चर्चा होत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली, तेव्हा या चर्चेला सरकारी अधिष्ठान मिळाले. अशा चर्चेत एक व्यक्तिरेखा हमखास हजेरी लावते, ती म्हणजे परदेशी मिशनरी. कोणाला तो सेवेचा पुतळा वाटतो, तर कोणाला सेवेच्या बुरख्याआड दडलेला कारस्थानी. त्याने प्रत्यक्षात काय केले, किती वर्षे केले आणि ज्यांच्यासाठी केले त्यांच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मात्र दोन्ही बाजू क्वचितच मांडतात.

हा हिशेब मांडायला ठाणे परिसरासारखी जागा शोधून सापडणार नाही. उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्या काठावर असलेले कोलशेत हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. आधी तेथे रसायनांचे कारखाने आले आणि कारखान्यांच्या जागेवर आता गगनचुंबी वसाहती उभ्या राहिल्या. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ च्या आराखड्यात पहिल्या टप्प्यातील जेट्टींसाठी वसई, मिरा-भाईंदर, कोलशेत आणि डोंबिवली ही चार ठिकाणे निश्चित झाली, तेव्हा अनेक नव्या रहिवाशांना कोलशेतहून वसईला पाण्यावरून जाता येते याचे नवल वाटले. वास्तविक हा मार्ग शतकानुशतके वाहता होता. त्यावरून माल गेला, फौजा गेल्या, आणि धर्मोपदेशकही गेले. त्यातले काही बाहेरून येथे आले, तर काही येथून बाहेर गेले. या दुसऱ्या प्रवाहाची आठवण सहसा कोणी काढत नाही.

आलेल्यांची सर्वांत जुनी नोंद १३२१ ची आहे. टोलेंटिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन साधू दक्षिणेकडे कोल्लमला निघाले होते. वाऱ्याने त्यांचे जहाज ठाण्याच्या बंदरात आणून सोडले. येथे नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांची छोटी वस्ती होती आणि त्यातल्याच एका घरी ते उतरले. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारहाण केली, ती तक्रार घेऊन काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या परदेशी पाहुण्यांची नावे सांगितली. साक्षीसाठी बोलावणे आले, साक्षीची चौकशी धर्मचर्चेकडे वळली आणि चर्चेचा शेवट चौघांच्या मृत्यूत झाला. त्यानंतर थोड्याच काळाने ठाण्यास आलेल्या ओदोरिक या इटालियन प्रवाशाने ही हकीकत लिहून ठेवली आणि त्यांच्या अस्थी तो थेट चीनला घेऊन गेला.

युरोपात ही कथा हौतात्म्याची म्हणून सांगितली गेली. ठाण्याच्या बाजूने पाहिले तर तिचे दुसरेच अंग दिसते. हे चौघे ठाण्यासाठी आलेलेच नव्हते. दिमित्री हा भाषांचा जाणकार होता खरा, पण येथल्या राजकारणाची आणि येथल्या माणसांची ओळख करून घेण्याइतकी उसंत त्यांना मिळाली नाही. ज्या स्त्रीच्या मारहाणीवरून प्रकरण सुरू झाले, तिचे पुढे काय झाले याबद्दल ही हकीकत काहीच सांगत नाही. परक्या भूमीवर उतरलेल्या धर्मोपदेशकाच्या चरित्रात स्थानिक माणूस असा नाहीसा होणे हा प्रकार पुढेही वारंवार दिसतो.

आता गेलेल्यांविषयी. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. वसईच्या जेझुइटांकडे शिकलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे तो जपानी भाषा शिकला, इतकी उत्तम की लोक त्याचे बोलणे ऐकायला जमू लागले. सुमारे आठ वर्षे त्याने जेझुइटांचा सहायक म्हणून काम केले. परंतु संघात प्रवेश मिळावा ही त्याची विनंती मान्य झाली नाही. त्याच्या रक्तात हिंदुस्थानी अंश होता हे त्यामागचे कारण असावे, असे त्याचे चरित्रकार मानतात. निराश होऊन तो व्यापारात शिरला, तेथे त्याने चांगला जम बसवला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांकडे साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाबरोबर दुभाषा म्हणून तो जपानला परतला. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याशी बोलणे करायला मोहिमेला वसईचा हा तरुण लागला. पुढे क्योतोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले, त्या कामातही तो होता.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील एका सुकाणूधाऱ्याने आधी धर्मोपदेशक जातात आणि मागून राजाचे सैन्य येते, अशी बढाई मारल्याचे सांगितले जाते. हिदेयोशीला संशय होताच, आता त्याला निमित्त मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले आणि त्यात गोन्सालो गार्सिया होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईतील महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. वसईबाहेर मात्र हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

हिदेयोशीचा संशय केवळ वेडगळ म्हणता येत नाही. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या साम्राज्यात तलवार आणि क्रूस अनेकदा एकाच जहाजातून उतरले होते आणि उत्तर कोकणाला व गोव्याला त्याचा पुरेपूर अनुभव होता. परंतु संशयाला आधार आहे म्हणून संशयित दोषी ठरत नाही, ही गोष्टही तितकीच खरी. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या वसईच्या माणसाला फिलिपाइन्सच्या तोफांचा जाब द्यावा लागला. सत्तेच्या लेखी परका तो परकाच.

मुंबईत हेच नाटक वेगळ्या वेषात १८१३ मध्ये झाले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. हॉल तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू होते आणि ईस्ट इंडिया कंपनीला मिशनऱ्यांचे वावडे होते. एतद्देशीयांच्या धर्मात हात घातला तर व्यापाराला बाध येईल, ही तिची भीती. दोघांना परत पाठवण्याचे हुकूम सुटले. ते कोचीनकडे निसटले, तेथून त्यांना परत आणण्यात आले आणि गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्यापुढे त्यांनी अर्जविनंत्या केल्या. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली आणि अमेरिकन मराठी मिशन मुंबईत स्थिरावले. परदेशी मिशनऱ्याच्या व्हिसाचा वाद स्वतंत्र भारताने निर्माण केला, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास नजरेखालून घालावा. परवान्याची अट प्रथम घातली ती ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कंपनीने, आणि तीही ख्रिस्ती धर्मोपदेशकांना.

हॉल यांनी मराठी आत्मसात केली, शाळा काढल्या, आणि १८२६ मध्ये प्रवासात असताना कॉलऱ्याने त्यांचा बळी घेतला. वय ४१. त्यांच्यामागून १८१८ मध्ये आलेल्या जॉन निकोल्स यांनी ठाण्यात मुक्काम केला. १८२४ मध्ये तेही गेले. त्या काळी मुंबई इलाख्यात आलेल्या तरुण मिशनऱ्यांचे आयुष्य असेच तोकडे असे. हे लोक परतीचे तिकीट काढून आलेले नव्हते, आणि आजच्या तरुण स्वयंसेवकांशी त्यांची तुलना करताना हा फरक विसरून चालत नाही.

सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या. अविवाहित स्त्रीने अमेरिकेतून परदेशी मिशनवर जाणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. मुंबईत आणि नंतर अहमदनगरमध्ये त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या खातेवहीत ही नोंद अपयशाच्या रकान्यात जाईल. महाराष्ट्राच्या खातेवहीत तिच्याइतकी मोठी जमा क्वचितच सापडेल. मिशनऱ्यांचे सर्वांत टिकाऊ काम त्यांच्या मूळ उद्दिष्टाच्या बाहेर घडले, असे म्हणण्यास येथे जागा आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये काढलेल्या संस्थेच्या नावातही ‘मिशन’ हा शब्द आहे, आणि तो योगायोग नव्हे. पाश्चात्त्य मिशनचा सांगाडा घेऊन आपल्याच समाजातील अस्पृश्यतेला भिडण्याचा तो प्रयत्न होता.

तथापि, केवळ जमेची बाजू सांगणे म्हणजे अर्धसत्य होईल. शिक्षण हे आमिष ठरते का, हा प्रश्न मराठी समाजाने तेव्हाच विचारला होता. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पालकांनी मुले काढून घेतल्याने शाळा ओस पडू लागली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या धर्मांतरानंतर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याच्यावरून असाच वाद झाला. हा मुलगा बारा वर्षांच्या आसपासचा. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, मात्र जातीत परत घ्यायला ब्रह्मवृंद तयार नव्हता आणि त्याच्या शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. बारा वर्षांच्या मुलाची संमती ती कसली, हा आक्षेप आजही बिनतोड आहे. आणि परतलेल्या मुलाला दार बंद करणाऱ्या समाजाला धर्मांतराविषयी तक्रार करण्याचा अधिकार किती, हा बाळशास्त्रींच्या कृतीतून निघणारा प्रश्नही तितकाच बिनतोड.

स्वातंत्र्यानंतर वादाची भाषा बदलली. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये परदेशी पैसा आणि परदेशी मिशनरी यांच्यावर कठोर ताशेरे ओढले. विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता आणि समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. धर्मांतराची चिकित्सा करणाऱ्या याच न्यायमूर्तींनी त्याच वर्षी नागपुरात डॉ. आंबेडकरांच्या मार्गाने बौद्ध धर्माचा स्वीकार केला, ही गोष्ट त्यांच्या अहवालाचे दाखले देणारे सहसा सांगत नाहीत. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा निर्वाळा दिला.

परदेशी नागरिकाला मिशनरी कामासाठी भारतात स्वतंत्र प्रकारचा व्हिसा घ्यावा लागतो आणि पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रचार करता येत नाही. हा नियम सर्व धर्मांना लागू आहे. २०२० मध्ये तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवर याच मुद्द्यावरून गुन्हे दाखल झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. पैशांच्या बाजूने परकीय देणग्यांचा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीने परकीय निधीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला हा निधी देण्यावर बंदी घातली. दरवाजावर पहारा कमी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न आहे तो पहारेकरी नेमके काय तपासतो हा.

कारण आजचा तरुण मिशनरी वेगळा आहे. मॉर्मन पंथाचे अठरा-वीस वर्षांचे तरुण दीड-दोन वर्षांसाठी, बहुधा स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खर्चाने, जोडीजोडीने जगभर फिरतात. मुंबईला तेही नवे नाहीत. ह्यू फिंडले हा त्यांचा उपदेशक १८५२ मध्येच येथे आला होता. अनेक प्रॉटेस्टंट संस्था तर काही आठवड्यांच्या मोहिमा आखतात. सुटीत जायचे, शाळेची भिंत रंगवायची, मुलांबरोबर छायाचित्रे काढायची आणि परतायचे. या तरुणांचा भाव खोटा असतो असे नव्हे. पण ज्या गावात रंगारी बेकार बसले आहेत, तेथे विमानाने येऊन भिंत रंगवणाऱ्याची सेवा नेमकी कोणाला पोचते? स्वतःचा अनुभव समृद्ध करण्याला सेवा म्हणण्याची चाल आता मिशनपुरती राहिलेली नाही. महाविद्यालयीन ‘ग्रामीण शिबिरां’नीही आरशात पाहायला हरकत नाही.

नुसत्या भाबडेपणाने प्राणही जातात. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातील उत्तर सेंटिनल बेटावर बायबल घेऊन उतरला आणि तेथील आदिवासींच्या हातून मारला गेला. त्याला तेथे पोचवणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. बाहेरच्या रोगांपासून कोणतेही संरक्षण नसलेल्या त्या लहानशा समूहासाठी त्याचा स्पर्शही घातक ठरू शकला असता. युगांडातील प्रकरण अधिक गंभीर आहे. कोणतेही वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने तेथे कुपोषित मुलांसाठी ख्रिस्ती सेवाकेंद्र चालवले. २०१० ते २०१५ या काळात त्यात दाखल झालेल्या ९४० मुलांपैकी १०५ मुले दगावली. मातांनी २०१९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. आपण डॉक्टर असल्याचे कधी भासवले नाही, असे तिचे म्हणणे होते. २०२० मध्ये दोष मान्य न करता तडजोड झाली.

या पार्श्वभूमीवर मिरजेकडे पाहावे. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे होते. म्हणजे युगांडातील त्या तरुणीहून वयाने फार मोठे नव्हते. परंतु ते वैद्यक शिकून आले होते, १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालय उभे केले, १८९७ मध्ये स्थानिक तरुणांना शिकवणारी वैद्यकीय शाळा सुरू केली आणि चार दशकांच्या जवळपास काळ या कामाला दिला. मिरज हे वैद्यकीय उपचारांचे केंद्र म्हणून आजही ओळखले जाते, त्याची मुळे तेथे आहेत. वॉनलेस यांचा हेतू धर्मप्रचाराचा नव्हता, असे त्यांचे कट्टर चाहतेही म्हणणार नाहीत. तो होता आणि उघड होता. त्या तरुणीचाही होता. हेतू एकच असताना एकीकडे रुग्णालय उभे राहते आणि दुसरीकडे दफनभूमी वाढते, तेव्हा फरक कौशल्यात, मुक्कामात आणि आपले काम स्थानिकांच्या हाती सोपवण्याच्या तयारीत शोधावा लागतो.

भाषेचेही तसेच. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये तिशीच्या आसपास गोव्यात आला, परत गेला नाही आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ज्या सासष्टीत लिहिला गेला, तेथे पोर्तुगीज सत्ता देवळे पाडत होती, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही मराठीच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. गोव्याचेच जोसेफ वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले. डच सत्तेने तेथे कॅथलिक पंथावर बंदी घातली होती. कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. पुढे १६९७ मध्ये देवीची साथ आली, आप्तांनी टाकून दिलेल्या रोग्यांची या ‘हेरा’ने सेवा केली, त्यात धर्म पाहिला नाही, आणि राजाचे मत बदलले. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

प्रस्तावित कायद्यांची भाषा बळ, फसवणूक आणि आमिष या तीन शब्दांभोवती फिरते. पहिले दोन शब्द स्पष्ट आहेत आणि त्यांना शिक्षा हवीच. ‘आमिष’ मात्र इतका लवचीक शब्द आहे की त्यात फुकट शाळाही बसते आणि दवाखानाही. ग्रॅहॅम स्टेन्स हे ओडिशात कुष्ठरोग्यांसाठी काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी. जानेवारी १९९९ मध्ये त्यांना दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांसह गाडीत जिवंत जाळले गेले, तेव्हा मारेकऱ्यांनी हाच शब्द आपल्यापुरता लावून घेतला होता. दुसऱ्या बाजूला, नोंदणीविना चालणारे बालगृह किंवा पदवीविना चालणारा दवाखाना कोणत्याही धर्माचा असो, त्याला आळा घालणारे कायदे आजही अस्तित्वात आहेत. त्यांची अंमलबजावणी कंटाळवाणी असते आणि तिच्यावर मते मिळत नाहीत.

दरम्यान प्रवाहाची दिशा बदलली आहे. युरोप-अमेरिकेत धर्मगुरूंचा तुटवडा आहे आणि तेथील अनेक चर्चमध्ये आज प्रवचन देतो तो भारतीय पाद्री. अमेरिकेत धार्मिक कामासाठी मिळणाऱ्या व्हिसाची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची आहे. २०२३ मध्ये तेथील प्रशासनाने कायम वास्तव्याच्या परवान्यांच्या रांगेची मोजणी बदलली आणि असंख्य परदेशी धर्मगुरूंपुढे मुदत संपताच गाशा गुंडाळण्याची वेळ आली. ज्या देशातून हॉल आणि नॉट यांना मुंबईस पाठवले गेले, त्या देशातील परगण्यांना आता येथून गेलेले पाद्री हवे आहेत. आणि तेथील परराष्ट्र कार्यालयांच्या खिडकीवर त्यांना तेच विचारले जाते, जे नेपियनच्या कचेरीत त्या दोघांना विचारले गेले होते : येथे कशासाठी आलात, आणि किती दिवस राहणार?